छतात खणलेली विहीर

घर पेटल्यावर विहीर खणायला निघणाऱ्या माणसाची भर्तृहरीने वैराग्यशतकात थट्टा केली आहे. त्याचा रोख म्हातारपणी जागे होणाऱ्यांवर होता, घरबांधणीशी त्याला काही देणेघेणे नव्हते. पण मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता. इमारतींचे नकाशे आणि त्यांतून फिरणारे पाण्याचे पाइप पाहण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. त्यामुळे हा दृष्टान्त मला शब्दशः घ्यावासा वाटतो. स्प्रिंकलर म्हणजे दुसरे काय? घर पेटण्याआधी छतात खणून ठेवलेली विहीर! आणि लाकडावर, पोलादावर, पडद्यावर चढवलेला अग्निरोधक लेप म्हणजे त्या विहिरीचे पाणी पोचेपर्यंत आगीला दारात थोपवून धरणारा पहारेकरी.

नव्या उंच इमारतींना या दोन्ही गोष्टी नियमाने लागू होतात. प्रश्न आहे तो तुमच्या-माझ्यासारख्यांचा, जे जुन्या इमारतींत राहतात. नियम आला तेव्हा आमची इमारत उभी होती, म्हणून आम्हाला सवलत मिळाली. या सवलतीचाच हिशेब आज मांडायचा आहे.

अर्ध्या तासाची चार मिनिटे

आग म्हटले की आपल्याला ज्वाळा आठवतात, पण अभियंत्याला आठवतात ती मिनिटे. खोलीच्या कोपऱ्यात पेटलेला सोफा सुरुवातीला बादलीभर पाण्याने विझू शकतो. मात्र तापलेला धूर छताशी साचत जातो, त्याची आच खाली पसरते आणि एका क्षणी खोलीतले सारे सामान एकदमच पेट घेते. त्यानंतर त्या खोलीत कुणी वाचत नाही आणि बादलीचा काही उपयोग राहत नाही.

हा क्षण किती वेळात येतो? अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन सारख्याच बैठकीच्या खोल्या सजवून पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचे लाकूड, कापूस, सुती कापड होते. दुसरीत आजचे फोमचे सोफे, कृत्रिम धाग्यांचे पडदे आणि गालिचे होते. जुन्या खोलीला तो क्षण गाठायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. नव्या खोलीने तो चार मिनिटांच्या आत गाठला. आजीच्या काळातली आग आणि आपल्या काळातली आग यांत हा फरक आहे. आजी शेजाऱ्यांना हाका मारून, विहिरीवरून घागरी आणून आग विझवू शकत होती. आपल्या हाती चार मिनिटे असतात. अग्निशमन दलाचे जवान कितीही तत्पर असले, तरी बंबाला रस्ता मिळायला हवा. सोसायटीच्या फाटकासमोर दुहेरी रांगेत लावलेल्या मोटारी या चार मिनिटांत हलत नाहीत.

महाभारतातल्या लाक्षागृहाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. पुरोचनाने लाख, तूप, सण अशा पेटत्या वस्तू वापरून देखणे घर बांधले. आपल्या दिवाणखान्यातले फोम, प्लायवूड, सनमायका, खोटे छत आणि त्याआड लपवलेल्या वायरी पाहिल्या की मला तेच घर आठवते. फरक इतकाच की आपले लाक्षागृह आपणच हौसेने, हप्ते भरून उभारलेले असते.

लेप काय करतो?

अग्निरोधक लेप म्हटले की तो लावल्यावर वस्तू पेटतच नाही, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. हा लेप आगीला उशीर करायला लावतो, आणि त्या उशिरातच त्याची सारी किंमत आहे.

कल्पना जुनी आहे. फ्रान्सचा राजा अठरावा लुई याच्या सांगण्यावरून रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक याने नाटकगृहातले कापड पेटू नये म्हणून प्रयोग केले. अमोनियमचे क्षार आणि टाकणखार यांच्या द्रावणात भिजवलेले कापड सहजी पेट घेत नाही, हे त्याने १८२१च्या सुमारास दाखवले. आजही मंडपाच्या कापडासाठी याच जातीची द्रावणे वापरतात. मात्र कापड धुतले किंवा पावसात भिजले की क्षार निघून जातात आणि लेप पुन्हा द्यावा लागतो. १९९५च्या डिसेंबरात हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभात कृत्रिम कापडाचा शामियाना पेटला आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत लहान मुले मोठ्या संख्येने होती. गणेशोत्सवाच्या किंवा लग्नाच्या मंडपात बसताना या घटनेची आठवण ठेवायला हरकत नाही.

लाकडासाठी आणि पोलादासाठी वेगळा लेप असतो. दिसायला तो साध्या रंगासारखाच. पण आच लागली की तो भाकरीसारखा फुगतो. त्यातल्या रसायनांपासून वायू आणि कोळसा तयार होऊन मूळच्या थराच्या कित्येक पट जाडीचे, जाळीदार, काळे कवच बनते. हे कवच आतल्या वस्तूपर्यंत उष्णता लवकर पोचू देत नाही. पोलाद जळत नाही हे खरे, पण साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची निम्मी ताकद संपलेली असते, आणि खोलीतली आग याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून पोलादी खांबांवरचा लेप 'अमुक मिनिटांचा' असा मोजूनच ठरवतात, कुठे साठ तर कुठे एकशेवीस. तेवढ्या मिनिटांत माणसे खाली उतरावीत आणि जवानांना आत जाऊन काम करता यावे, हा हेतू.

लाकडी सांगाड्याची आग किती हट्टी असते, हे पुणेकरांना सांगायला नको. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत शनिवारवाडा सात दिवस जळत होता, आणि आज उरले आहेत ते तट, दरवाजे व जोती. मुंबईत ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत इमारत ढासळली आणि मुंबई अग्निशमन दलाच्या प्रमुखांसह चार अधिकाऱ्यांचा बळी गेला. आपल्यासाठी आत शिरणाऱ्यांच्या डोक्यावरचे छत किती मिनिटे टिकणार, हा प्रश्न कागदी नाही.

लेपाला मर्यादाही आहेत. फुगणाऱ्या लेपावर सुताराने हौसेने साध्या ऑइलपेंटचे दोन हात मारले, तर लेपाचे काम बिघडते. आणि पेटणारी प्रत्येक वस्तू रसायनात बुडवून काढणे हाही शहाणपणा नव्हे. सोफ्याच्या फोममध्ये मिसळली जाणारी काही ब्रोमीनयुक्त रसायने शरीरात साठतात हे लक्षात आल्यावर २००९ पासून जागतिक करारानुसार त्यांच्यावर बंदी आली. म्हणून लेप हवा तो जिना, डक्ट, लाकडी पार्टिशन, पोलादी खांब अशा मोक्याच्या जागी. उरलेले काम पाण्याने करायचे.

पियानोच्या कारखान्यातून आलेले पाणी

स्प्रिंकलरचा इतिहास मोठा गमतीदार आहे. १८७४ साली अमेरिकेत न्यू हेवन येथे पियानोचा कारखाना चालवणाऱ्या हेन्री पार्मली याने त्याचे पेटंट घेतले, ते स्वतःचा कारखाना वाचवण्यासाठी. पुढे फ्रेडरिक ग्रिनेलने त्यात सुधारणा केल्या. स्प्रिंकलरचा पहिला मोठा पुरस्कार केला तो विमा कंपन्यांनी. मालाचे नुकसान टळते हे त्यांना आधी कळले. माणसांचे जीव वाचतात, हे सरकारांना उमगायला बराच काळ जावा लागला.

रचना अगदी साधी आहे. छतालगतच्या पाइपात पाणी दाबाखाली उभे असते. पाइपाला जागोजाग तोंडे असतात आणि प्रत्येक तोंडावर काचेची एक इवलीशी कुपी. कुपीत द्रव असतो. तांबड्या रंगाची कुपी अडुसष्ट अंशांना फुटते, हिरवी त्र्याण्णव अंशांना. कुपी फुटली की तेवढेच तोंड उघडते आणि पाणी खालच्या आगीवर पडते. वीज नको, माणूस नको, कुणी बटण दाबायला नको.

सिनेमात दाखवतात तसे सगळी तोंडे एकदम उघडून पाहुण्यांचे भरजरी कपडे भिजत नाहीत. सिगारेटच्या किंवा फोडणीच्या धुराने कुपी फुटत नाही, कारण तिला फक्त उष्णता कळते. 'फर्निचरचे नुकसान होईल' हा आक्षेप मी शेकडो वेळा ऐकला आहे. एका तोंडातून मिनिटाला साधारण साठ ते शंभर लिटर पाणी पडते. बंबाच्या नळीतून त्याच्या कैक पट पडते, आणि तेही आग फोफावल्यानंतर. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या पाहणीनुसार स्प्रिंकलर असलेल्या इमारतींतल्या आगींत मृत्यूंचे प्रमाण नसलेल्यांच्या मानाने सुमारे नऊ दशांशाने कमी असते. घरगुती उपायांत इतका गुण येणारे औषध मला तरी ठाऊक नाही.

सवलतीचा हिशेब

मग जगभर लोक आगीत जातात ते का? मोठ्या आगींचे अहवाल वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. नियम ठाऊक होता, उपाय ठाऊक होता. नेमक्या त्या जागेला सवलत दिलेली होती.

लास व्हेगासचे एमजीएम ग्रँड हॉटेल घ्या. तळाच्या मोठ्या भागात स्प्रिंकलर न बसवण्याची मुभा मिळाली होती. कारण असे, की तिथे चोवीस तास माणसांची वर्दळ असते, आग लागली तर कुणाच्या तरी लक्षात येईलच. पुढे तिथले एक उपाहारगृह चोवीस तास चालेनासे झाले. सवलत मात्र चालूच राहिली. २१ नोव्हेंबर १९८० च्या सकाळी त्याच बंद उपाहारगृहात आग सुरू झाली. ८५ माणसे मेली. त्यांतली बहुसंख्य आगीपासून कितीतरी मजले वर होती. लिफ्टच्या पोकळ्यांतून, जिन्यांतून, हवेच्या डक्टमधून धूर त्यांच्यापर्यंत चढला.

दुसरे उदाहरण फिलाडेल्फियाचे. तिथल्या वन मेरिडियन प्लाझा या अडतीस मजली कार्यालयीन इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१च्या रात्री बाविसाव्या मजल्यावर जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या आपोआप पेटल्या. इमारत जुन्या नियमांची, बहुतेक मजल्यांवर स्प्रिंकलर नाहीत. तीनशेहून अधिक जवान झुंजत होते. तिघे जवान गेले. इमारत कोसळेल या भीतीने शेवटी सर्वांना बाहेर बोलावण्यात आले. आग एकेक मजला गिळत वर चढली आणि तिसाव्या मजल्यावर थांबली. तिथल्या भाडेकरूने स्वतःहून स्प्रिंकलर बसवून घेतले होते. अवघी दहा तोंडे उघडली आणि जे शेकडो माणसांना जमले नव्हते ते झाले. मला स्प्रिंकलरच्या बाजूने एकच दाखला द्यायला सांगितला, तर मी हाच देईन.

आणि लंडनचा ग्रेनफेल टॉवर. चोवीस मजली रहिवासी इमारत, १९७४ची. इंग्लंडमध्ये २००७ पासून तीस मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींना स्प्रिंकलर सक्तीचे झाले, पण ग्रेनफेल जुनी होती. उलट नूतनीकरणात तिच्या बाहेरच्या अंगाला, मध्ये पॉलिथिलिन असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे चढवले गेले. १४ जून २०१७ रोजी एका घरातल्या फ्रिजच्या आगीने ते पत्रे पेटले आणि ७२ माणसे गेली. त्यानंतर २०२०मध्ये नव्या इमारतींसाठीची मर्यादा तीस मीटरवरून अकरा मीटरवर आली. तीस आणि अकरा यांतले अंतर कागदावर एका ओळीत खोडता येते. ते खोडायला बहात्तर माणसे मरावी लागली.

आपल्याकडचे चित्र

भारतातही नियमांचा तुटवडा नाही. राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७०मध्ये आली. १९८३, २००५ आणि २०१६मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिचा चौथा भाग पूर्णपणे आग आणि जीवितरक्षणाचा आहे. पंधरा मीटर वा त्याहून उंच इमारत म्हणजे उंच इमारत, असे ती मानते; आणि उंची व वापर यांनुसार पाइप, टाकी, पंप, स्प्रिंकलर काय काय हवे याचे तक्ते देते. मात्र ही संहिता म्हणजे शिफारस. राज्यांनी व पालिकांनी आपापल्या नियमावलीत घेतली की ती बंधनकारक होते. महाराष्ट्रात यासाठी २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर किंवा वापरणाऱ्यावर, म्हणजे सोसायटीच्या बाबतीत तुमच्या-माझ्यावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तसा दाखला द्यायचा असतो.

आणि तरीही २१ जून २०१२ला खुद्द मंत्रालय पेटले, पाच जण गेले. लाकडी पार्टिशने, खोटी छते आणि कागदांचे गठ्ठे, आगीला आणखी काय हवे? २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री कमला मिलच्या गच्चीवर चौदा जण मेले, बरेचसे गुदमरून. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली. त्या बालकांना जिना उतरता येत नव्हता आणि हाकही मारता येत नव्हती. ज्यांना पळता येत नाही, त्यांच्यासाठी छतातले पाणी हाच एक धावून येणारा असतो.

हे वाक्य मी सहज लिहिलेले नाही. आम्ही मुंबईच्या उपनगरात, १९८०च्या दशकात बांधलेल्या अकरा मजली इमारतीत नवव्या मजल्यावर राहतो. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे त्या दोन वर्षांत जिना उतरलेल्या नाहीत. लिफ्ट बंद पडली की त्या हसून म्हणतात, ''आज मी कैलासावर.'' आगीत लिफ्ट वापरायची नसते, हे त्यांना मी अजून सांगितलेले नाही.

गेल्या वर्षी आमच्या वार्षिक सभेत दोन खर्च समोर होते. एक, बाहेरून रंग आणि नवे फाटक. दुसरा, बंद पडलेला आगीचा पंप, हायड्रंटच्या चोरीला गेलेल्या पितळी नॉझल, जिन्यांचे दरवाजे आणि पार्किंगमध्ये स्प्रिंकलर. ''ताई, चाळीस वर्षांत आपल्याकडे आग लागली का?'' खजिनदारांनी विचारले. प्रश्नात खोच नव्हती, त्यांना खरेच तसे वाटत होते. एका तरुण सभासदाने विचारले, ''समोरच्या नव्या टॉवरमध्ये तर घराघरांत स्प्रिंकलर आहेत. आपल्याला का नाहीत?'' सेक्रेटरी म्हणाले, ''आपल्याला नियम लागू नाही.'' सभेला हायसे वाटले. मला मात्र एमजीएम ग्रँडचे उपाहारगृह आठवले. मग पहिल्या मजल्यावरच्या शाळामास्तर आजोबांनी उठून विचारले, ''नियम लागू नाही हे ठीक, पण आग लागू आहे की नाही?'' बराच वेळ कुणी बोलले नाही. अखेर पंप, नॉझल आणि दरवाजे यांना मंजुरी मिळाली, रंग पुढच्या वर्षावर गेला. पार्किंगच्या स्प्रिंकलरचा निर्णय अजून व्हायचा आहे.

जुन्या घराने काय करावे?

सगळ्या जुन्या घरांत उद्याच स्प्रिंकलर बसवा, असे मी म्हणणार नाही. टाकी, पंप, पाइप यांचा खर्च खरा आहे. पण क्रम लावता येतो. पहिल्यांदा धूर अडवा. वायरींचे डक्ट प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक मसाल्याने बंद करून घ्या. ते उघडे असतील तर खालचा धूर चिमणीतून चढावा तसा वर जातो. मीटरच्या खोलीत विजेचा धोका असल्याने पाण्याऐवजी भुकटीची आपोआप फुटणारी साधने लावतात. जिन्याचे दरवाजे आपोआप मिटणारे असावेत आणि त्यांना कुलूप नसावे. त्यानंतर पार्किंग आणि सामाईक वाटांमध्ये स्प्रिंकलर. लाकडी जिना वा पार्टिशन असेल तर फुगणारा लेप.

आणि ज्यांच्याकडे स्प्रिंकलर आहेत, त्यांनी मान वर करून पाहावे. रंगाऱ्याने कुपीवर ब्रश फिरवला आहे का? सजावटकाराने तोंड खोट्या छतात गाडले आहे का? कुठेतरी गळती झाली म्हणून वॉचमनने कधीकाळी बंद केलेला व्हॉल्व पुन्हा उघडला आहे का? बंद व्हॉल्वमागचा स्प्रिंकलर हा छताला लावलेला दागिना असतो.

मुलांनाही यात घ्या. २०१८च्या ऑगस्टमध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेला धडा आठवून घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावले. मोठ्यांच्या बुद्धीवर धूर चढला असताना तिला ते आठवले.

लाक्षागृहातून पांडव वाचले ते आगीशी लढून नव्हे. विदुराने पाठवलेल्या खनकाने भुयार आधीच खणून ठेवले होते. आपले भुयार म्हणजे आपला जिना. आज रविवार आहे. दुपारच्या चहाआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून तो वरपासून खालपर्यंत एकदा उतरून पाहा. वाटेत किती सायकली, कुंड्या, जुनी कपाटे आणि चपलांचे स्टँड लागतात ते मोजा. आणि त्यांतले आपल्या घरचे जे असेल, ते उतरतानाच उचला.